वरच्या खोलीतली मशीन

माझं सासर म्हणजे प्रताप नगरातला दुमजली बंगला. मी लग्न होऊन आले ती ऐन मे महिन्यात. ऊन अडवायला काचांना काळे कागद, खिडकीत कूलर, भर दुपारी समोरचं माणूस दिसायची मारामार. त्यात मी बिजवराला दिलेली. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती.

दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालतात, म्हणजे ती छळत नाही. सासूबाईंनी त्याला साफ नकार दिला होता. पण माझ्या आईने काटोलच्या सोनाराकडून गुपचूप करून घेतलाच. "आत लपवून ठेव वं पोरी, कोणाले दाखवू नको," म्हणाली. नखाएवढी ती चांदीची बाई छातीशी घेऊन मी घरभर वावरत होते. मला एकच जाणून घ्यायचं होतं: या घरातली सून मी, की अजून तीच?

वरची एक खोली कायम कुलूपबंद. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. नवरा खापरखेड्याला ड्यूटीवर जाई. जेवणं आटोपली की सासूबाई वर जात. मग शिवणाच्या मशीनचा खडखडाट सुरू होई, मध्येच थांबे, आणि त्या कुणाशी तरी हळू बोलत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आईले विचार." पहिली शिवणकाम करायची, एवढं शेजारणीकडून कळलं. सासूबाईंना तर साधं बटण लावता येत नव्हतं. मग मशीन चालवत होतं कोण? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, हे कळत होतं, तरी भीती वाटायचीच. पण माझी चौकस खोड भीतीहून दांडगी.

एका दुपारी चपला खालीच काढून मी जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

मशीनवर सासूबाई बसल्या होत्या. पाय चालत होते, सुई खालीवर होत होती. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. मांडीवर एक हिरवं ब्लाउज, एकाच बाहीचं.

मी पुढे वाकले तसा टाक बाहेर लोंबला.

"हे काहून घातलं वं? तुह्या मायले मी नाही म्हटलं होतं ना?"

"त्यांनी मले छळू नये म्हणून, आई."

"ती बिचारी काय छळन? छळलं तं मी तिले. मशीन बंद कर, माह्यं डोकं उठून राहिलं, असं रोज म्हणो. तरी ती माह्यंच ब्लाउज शिवून राहिली होती. एक बाही लावली अन् तापानं पडली. आता हा आवाज नसला तं मले दुपार जात नाही." त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं. घालाचाच असन तं मी घालीन."

टाक त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधला. इतके दिवस जिला भ्याले, तिच्यासाठी मला रडू आलं.

"दोरा काहून नाही ओवत, आई?"

"दिसत नाही मले. अन् सांगू कोणाले?"

दोरा मी ओवला. दुसरी बाही मशीनच्या खणात कापलेली पडली होती, तीही मीच लावली.

ते ब्लाउज सासूबाई अजून घालतात, वर टाक. उजवी बाही काखेत ओढते म्हणून दर खेपेला कुरकुरतात. ती बाही माझी.