टिटवी ज्याच्यावर ओरडत नसे

पक्ष्यांचे फोटो काढणारे आपली जागा सहसा कुणाला सांगत नाहीत. वर्षभर मी रायपूरच्या आसपासचे तलाव पालथे घातले आणि प्रत्येक ठिकाणी टिटवीनं घात केला. माणूस दिसला की ती बोंब ठोकते, आणि बाकीचे पक्षी उडून जातात.

नवा रायपूरच्या पलीकडच्या एका तलावावर मात्र एका अनोळखी माणसानं मला स्वतःहून बोलावलं. "भाऊ, इथं बसा. इथून सगळं दिसते."

चिखलाच्या रंगाचा शर्ट, मांडीवर कॅमेरा. दर रविवारी तो सकाळी त्याच दगडावर असायचा. पापण्याही बगळ्यासारख्या सावकाश मिटायचा. त्याच्या पायाजवळून टिटवी गुपचूप चालत जायची. मी नुसता पाय हलवला, तरी तीच टिटवी आकाशपाताळ एक करायची.

"तुमच्यावर काहून नाही ओरडत?" मी एकदा विचारलं.

"पहिले ओरडायची. बसून राहा. एक दिवस तुमच्यावर पण बंद करंल."

"मग तुम्ही फोटो काहून नाही काढत?"

"आता मले गरज नाही वाटत."

त्याच्या लेन्सच्या झाकणावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

गेल्या रविवारी दगड रिकामा दिसला, म्हणून मी त्यावर बसलो. थोड्या वेळानं टिटवी माझ्या बुटाला जवळजवळ घासून शांतपणे पुढे गेली. याचसाठी तर वर्षभर पायपीट केली होती, पण कॅमेरा उचलवेना. मी मुद्दाम जोरात खोकलो. मग टाळ्या वाजवल्या.

तिनं मानसुद्धा वळवली नाही.