चादरीखालची लाल गाडी

आमच्या सोलापुरात कुणाला काही द्यायचं झालं की चादर. लग्नात चादर, निवृत्तीला चादर, पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत चादर. त्यात आमचे हे चादरीच्याच कारखान्यात सुपरवायझर. काठ वाकडा गेलेल्या, धागा सुटलेल्या चादरींचा घरात नुसता ढीग. त्यातल्या चार ह्यांनी शिंप्याकडून एकमेकींना जोडून घेतल्या आणि आमच्या लाल गाडीवर घातल्या. संध्याकाळी मी शाळेतून आले की गाडीवर चादर. सकाळी मी निघाले की ह्यांनी चादर काढायची, झटकायची, तिच्याच कोपऱ्यानं बॉनेट पुसायचं आणि मग घडी. अठरा वर्षं हे चाललं होतं. माझं दुखणंखुपणंही ह्यांनी इतक्या नेमानं विचारलं नसेल.

आणि तरी त्या गाडीच्या रंगाची पार वाट लागली होती.

मला ते दिसत नव्हतं, हे कबूल करते. रोज चालवणाऱ्याला गाडीचा रंग कुठं दिसतो? मला दिसायचं पेट्रोल, नवी पेठेतली गर्दी आणि आडवा येणारा रिक्षावाला. रंग दाखवला मुलानं, तोही कॅनडातून. घरात रेंज नीट येत नाही म्हणून मी फाटकापाशी उभी राहून व्हिडिओ कॉलवर बोलत होते. बोलता बोलता तो थांबला.

"आई, मागं आपली गाडी आहे का? अगं, काय अवस्था झालीय तिची! पांढरी पडलीय की."

मग म्हणाला, "जानेवारीत येतोय मी, गड्ड्याला. तिकीट काढलंय."

गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची जत्रा. चार वर्षांनी पोरगं येणार होतं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा गाडीकडे नीट बघितलं. टपावर खडू फासल्यासारखा थर. बॉनेटवर हात फिरवला तर बोटं गुलाबी झाली, रंगाची भुकटीच निघत होती. उन्हात तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. चिमण्यांनी केलेले प्रताप वेगळेच.

खरं सांगते, मला त्या वेळी गाडीचं काही पडलं नव्हतं. माझ्या मनात एकच होतं. पोरानं एका गुरुवारी मला शेजारी बसवून ह्याच गाडीतून अक्कलकोटला न्यावं. कॉलेजात असताना तो त्याच रस्त्यावर गाडी शिकला. दर गुरुवारी आम्ही दोघंच जायचो. तो चालवायचा आणि मी नसलेला ब्रेक पायानं दाबत बसायची. "आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये, पत्र्याला भोक पडेल," असं म्हणून हसायचा. कॉलेज, अभ्यास, मित्र, अगदी त्याला एक मुलगी आवडत होती तेसुद्धा मला त्या गाडीतच कळलं. घरात हा मुलगा तोंड उघडायचा नाही. आता फोनवरही तसंच. "जेवलीस का, बाबा कसे आहेत, चल ठेवतो." मला त्याच्याशी पोटभर बोलायचं होतं, आणि तो बोलतो ती जागा माझ्या अंगणात खडू फासून उभी होती.

म्हणून गेले पेंटरकडे. म्हातारा माणूस, उभ्या जन्मात गाड्याच रंगवलेल्या. त्यानं टपावर अंगठा घासला, वाकून बघितलं आणि मला विचारलं, "ताई, ह्याच्यावर काय घालता तुमी?"

"चादर," मी म्हटलं.

"चादर?" तो इतका हसला की त्याला खोकला आला. "गाडीला काय थंडी वाजत हुती व्हय? अवो, धुळीवर जाड चादर टाकायची, वारं सुटलं की ती दिवसभर घासणार. वर परत तिनंच पुसायचं. ही लाडानं खराब केल्याली गाडी हाय."

आमचे हे शेजारी उभे होते. घरी येईपर्यंत गप्प, जेवतानाही गप्प. मी म्हटलं, आता काय मौनव्रत धरलंय की काय? तेव्हा ताटाकडे बघत म्हणाले, "पोरगा लहान असताना त्यालाही असलीच चादर घालायचो. त्याला कुठं ओरखडे पडले?"

मी भाजी वाढली.

पेंटरनं सगळी गाडी नव्यानं रंगवायला साफ नकार दिला, हे मात्र मला आवडलं. "कंपनीचा रंग हाय. खाली अजून जित्ता हाय. वरचं मेलेलं तेवढं काढा," म्हणाला. आणि कसं काढायचं ते शिकवलं. आधी दोन बादल्या, एकीत साबण, एकीत साधं पाणी, म्हणजे फडक्यातली माती परत गाडीवर जात नाही. मग मऊ मातीसारखा एक गोळा मिळतो, तो पाण्यानं ओलं करत हलक्या हातानं फिरवायचा. रंगात रुतून बसलेली सगळी घाण तो ओढून घेतो. मग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट. मग पॉलिश. शेवटी मेण. "आनि उन्हात न्हाय करायचं. पत्रा तापला की पेस्ट वाळती, मग बसा रडत."

सोलापुरात ऊन चुकवायचं म्हणजे पहाट. दिवाळीनंतर आम्ही दोघं रोज साडेपाचला उठून गाडीपाशी. शाळेची वेळ होईपर्यंत एक वीत, दीड वीत जागा व्हायची. अर्धी लाल, अर्धी पांढुरकी अशी गाडी घेऊन मी महिनाभर शाळेत गेले. सहकारी बायका म्हणायच्या, "बाई, गाडीला कोड आलंय का?" म्हटलं, आलं नाही, चाललंय.

फडकं लाल व्हायचं आणि खालून असा काही रंग वर यायचा की काय सांगू! पिकलेलं डाळिंब फोडल्यावर आतला दाणा दिसतो ना, तसा गडद, ओला. आमचे हे कारखान्यातला माणूस, हात एकसारखा चालणार. मला कुठला धीर! एका सकाळी बॉनेटची कड नीट निघेना म्हणून मी जोर लावून घासत सुटले. बघते तर खालच्या अस्तराची करडी रेघ उघडी पडली. कडेला रंग पातळ असतो, तिथं चिकटपट्टी लावून मगच घासायचं, असं पेंटरनं दहादा बजावलं होतं. मी तिथंच पायरीवर बसून रडले. ह्यांना वाटलं, रेघेसाठी रडते. मी रडत होते ते वेगळ्याच कारणासाठी. दोन दिवस आधी मुलाचा फोन आला होता, महिन्याची रजा मिळत नाही, दहाच दिवस येतो म्हणून.

त्याच्या त्या दहा दिवसांत गुरुवार एकच येत होता.

जानेवारी उजाडेपर्यंत गाडी झाली. रेघेवर पेंटरनं बारीक ब्रशनं रंग टेकवून दिला. मेणाचा शेवटचा हात ह्यांनी फिरवला, आणि चादर कपाटात ठेवून दिली. रोज सवयीनं त्यांचे हात कपाटाकडे जायचे आणि मी डोळे वटारायची.

तो आला, तेव्हा स्टेशनवर गाडी घेऊन मीच गेले. जरा जाड झाला होता, चष्मा बदलला होता. मला मिठी मारली, मग गाडीकडे बघून ओरडलाच, "आई! ही तीच? शक्यच नाही!" त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मला इतका आनंद झाला की पोराच्या आधी गाडीचीच दृष्ट काढावी वाटली. मी किल्ली पुढं केली.

"नको गं. तिकडं उजव्या बाजूनं चालवायची सवय लागलीय. आणि क्लच तर विसरलोच. तूच चालव."

मी चालवली. तो शेजारी बसला आणि फोनवर सोलापुरात पोचल्याचे निरोप पाठवत राहिला. मी स्वतःला समजावलं, प्रवासानं शिणलाय, दोन दिवसांत सवय होईल.

तीन दिवस भाकरी, शेंगाचटणी, पाहुणे, जत्रा यात गेले. आणि मग तो गुरुवार आला. आदल्या रात्री जेवताना मी सहज म्हटल्यासारखं करून बोलले होते, "उद्या अक्कलकोटला जाऊ या का?" तो "बघू की" म्हणाला होता. मला तेवढं पुरलं. सकाळी न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून मी तयार. खिडकीतून बघते तर तो अंगणात, गाडीपाशी. फाटक सताड उघडलेलं. गाडीचं दार उघडून आत वाकला, स्टिअरिंगवर हात ठेवला, परत बाहेर आला. म्हटलं, हा तर माझ्याही आधी तयार! किल्ली घेऊन मी जवळजवळ पळतच खाली गेले.

त्याच्या हातात फोन होता.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "बाबांशी बोललो मी काल. तुम्हाला नवी गाडी घेऊन देतोय. गियर नसलेली, एअरबॅगवाली. मला तिकडं काळजी वाटते गं, तू या जुन्या गाडीतून रोज फिरतेस. कॉल केला की धाकधूक होते. आणि तुम्ही हिला कसली चमकवलीत! फोटो टाकले की चार दिवसांत जाईल. मी असतानाच उरकून टाकू."

इतक्या मायेनं बोलत होता की मला चिडताही येईना. त्याला सांगायचं होतं, बाळा, विकायला नाही रे चमकवली. तू बसावंस म्हणून चमकवली. तू आलास की मला तुझ्या शेजारी बसायचं होतं, एवढंच. वरच्या खिडकीत आमचे हे उभे होते. माझ्याकडे बघून आत गेले.

त्यानं पुढून फोटो काढला, मागून काढला. मग मी बसायची त्या बाजूच्या दारासमोर गुडघ्यावर बसला, फोन डोळ्यांसमोर धरला आणि थांबला.

"आई, थोडी बाजूला हो ना. दाराच्या चकाकीत तू दिसतेयस."

मी दोन पावलं सरकले.

"अजून थोडी," तो म्हणाला.