निकालाच्या दिवसाची मटकी

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, या घरात मत कुणाला द्यायचं हे कुणी कुणाला विचारत नाही, ते ठरलेलं असतं. दुसरी, या घरात मिसळ होत नाही. पहिली गोष्ट मला सहज पचली. माझं माहेर विंचूरकडचं. माझे वडील मतदानाच्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन हवा बघायचे आणि दुपारी हवेबरोबर मत देऊन मोकळे व्हायचे. पण नाशकात राहायचं आणि मिसळ नाही, हे काही मला झेपेना. माझी आई तर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर विचार केला असता."

मिसळबंदी सासऱ्यांची होती. ते शाळेत मास्तर होते आणि तरुणपणापासून पक्षाचे कार्यकर्ते. पक्ष जुन्या वळणाचा. बैठक वेळेवर सुरू होणार, चपला दाराबाहेर सरळ रेषेत लावल्या जाणार आणि उमेदवार म्हणून असा माणूस दिला जाणार की त्याच्या सज्जनपणाबद्दल विरोधकही शंका घेणार नाहीत. एकदा एक वैद्य उभे होते, एकदा निवृत्त मुख्याध्यापक, एकदा एक वकील, जे खोट्या केसेस घेत नसत आणि त्यामुळे त्यांच्याकडे केसेसच नसत. हे सगळे विधानसभेला पडले. नुसते पडले नाहीत, डिपॉझिट घालवून पडले. आम्हाला मत देणारी घरं इतकी मोजकी होती की सासरे त्यांना नावानिशी ओळखत. घरोघर फिरताना ते एकच वाक्य बोलायचे, "निशाणीकडे बघू नका, माणूस बघा." लोक माणूस बघायचे, नमस्कार करायचे, आणि मत दुसऱ्याला द्यायचे.

त्या दुसऱ्याची गोष्ट अशी. मुख्याध्यापक पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला बसले होते. तेवढ्यात नवा आमदार, अंगावर कालचाच गुलाल, आपल्या पोरांसह आत आला. त्यानं सासऱ्यांकडे बघितलं आणि मालकाला ओरडून सांगितलं, "मास्तरांचं बिल माझ्याकडं लाव. बिचाऱ्यांचं डिपॉझिट गेलंय!" सगळं हॉटेल हसलं. मालकही हसला, आणि हे सासऱ्यांना जास्त लागलं, कारण मालक आमच्या मोजक्या घरांपैकी होता. सासरे अर्धी मिसळ टाकून उठले. घरी येऊन देवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा माणूस पडेपर्यंत मी मिसळीला शिवणार नाही."

तेव्हा त्यांना वाटलं, पाच वर्षांचा प्रश्न आहे.

तो माणूस पडला नाही. पुढच्या वेळी पुन्हा आला. मग पक्ष बदलून आला. मग त्या पक्षानं तिकीट दिलं नाही म्हणून अपक्ष उभा राहून आला. सासऱ्यांचे केस पांढरे झाले, मुलं मोठी झाली, एक सून आली, आणि मिसळीचा दिवस काही उजाडेना. बाकीचे आम्ही बाहेर खायचो आणि तोंडबिंड धुऊन, चोरासारखे घरी यायचो. मला तर सासऱ्यांचा रागच यायचा. तो मजेत आहे, त्याला पत्ताही नाही, आणि उपाशी कोण, तर आपण! असलं व्रत फक्त सज्जन माणसालाच सुचू शकतं.

दरम्यान एक गंमत झाली. आमचा पक्ष जिंकायला लागला. आमच्या मतदारसंघात नाही, पण राज्यात सगळीकडे. जिंकायला लागल्यावर त्याला जिंकणाऱ्या माणसांची सवय लागली. वैद्य आणि वकील मागच्या रांगेत जाऊन बसले. आणि या गेल्या विधानसभेच्या तोंडावर एका संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं की तो माणूस मुंबईत आमच्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून उभा आहे. आठवडाही गेला नाही तर उमेदवारी त्यालाच मिळाली.

सासरे टीव्हीसमोर बसून होते. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणतोय तुमचा पक्ष?"

"पक्ष विचार करूनच ठरवतो," सासरे म्हणाले. आणि त्यांनी आवाज बंद केला. चित्र चालूच ठेवलं.

मला वाटलं होतं, यावेळी ते घरी बसतील. पायाचं दुखणं होतंच, निमित्तही मिळालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कोरं उपरणं घालून ते पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले. त्यांच्या पायामुळे मीही बरोबर गेले. लोक दार उघडायचे, पत्रकावरचा फोटो बघायचे, मग सासऱ्यांकडे बघायचे. एका म्हातारबुवांनी तर विचारलंच, "सर, हा तोच ना?"

"माणूस बघू नका," सासरे म्हणाले. "निशाणी बघा."

मी जिन्यात तोंड फिरवून हसून घेतलं. हसले खरी, पण खाली उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारे सासरे बघून ते हसू टिकलं नाही.

मग जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार झाला. गावाबाहेर एका द्राक्षाच्या बागेत मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, भाषण, आणि नंतर मिसळ. नाशकात उमेदवार सत्कार करतो म्हणजे मिसळच देतो, त्याला इलाज नाही. मोठ्या पातेल्यातून वास असा सुटला होता की मला राहवेना. मी मुकाट्यानं दोनदा घेतली. सासरे गळ्यात शाल घेऊन बसले होते आणि त्यांच्या ताटात पाव, दही आणि पापड. उमेदवार हात जोडत रांगेतून फिरत आला. "सर, घ्या ना, लाजू नका."

"घेतलं आहे," सासरे म्हणाले, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. तो पुढच्या माणसाकडे गेला.

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. अर्धा रस्ता संपला. मग म्हणाले, "त्यानं मला ओळखलं नाही."

"बरंच झालं की, बाबा."

"बरं काय त्यात?" ते एवढ्या जोरात ओरडले की मी ब्रेक लावला. "इतकी वर्षं मी त्याच्याविरुद्ध काम केलं. त्याला माहीत तरी पाहिजे!"

मतदानाच्या दिवशी सासरे नेहमी शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना शाईचं बोट वर करून निशाणीचं नाव घ्यायचे. पोलीस त्यांना दरवेळी दम द्यायचा. यावेळी ते गुपचूप बाहेर आले. सासूबाईंनी घरी विचारलं, "दिलंत?" तर म्हणाले, "मतदान गुप्त असतं." हे वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. दोघींच्या मनात एकच होतं. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, सुटले एकदाचे बाबा त्या निशाणीतून.

निकालाच्या दिवशी सकाळी मी मिक्सर काढायला गेले, तर त्याच्या मागे चाळणीत एक ओली पुरचुंडी. सोडून बघितली तर मटकी. नखाएवढे लांब, पांढरेशुभ्र मोड आलेली.

"आई, तुम्ही मटकी भिजवलीत?"

"मी? मला वाटलं तू."

मग दोघींनी पुरचुंडीचं कापड नीट बघितलं. ते प्रचाराचं नवं उपरणं होतं. रंग कच्चा होता, मटकीला थोडा लागलासुद्धा होता. या माणसानं आयुष्यात कधी स्वतःचा चहा केला नव्हता. त्यानं मटकी भिजवली, उपसली, बांधली, आणि दडवून ठेवली. म्हणजे उमेदवार पडणार, आणि पडला की त्याच दिवशी, एक दिवसही आणखी न थांबता मिसळ खायची. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. त्यांनी मटकी तीन पाण्यांनी धुतली आणि झाकून ठेवली.

पहिल्या फेऱ्यांमध्ये तो मागे होता. सासरे खुर्चीत ताठ बसले होते. राज्यात पक्ष धडाधड पुढे चालला होता आणि इथे उमेदवार मागे. म्हणजे सासऱ्यांच्या दृष्टीनं याहून चांगलं काही असूच शकत नव्हतं. मध्येच ते पाणी प्यायला आत आले, झाकणाकडे बघितलं आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "फरसाण आहे का गं घरात?"

"आणते," मी म्हटलं. आणि खरंच जाऊन आणलं.

मी येईपर्यंत तो पुढे गेला होता. मग पुढेच जात राहिला. दुपारी ढोल वाजायला लागले, आणि सासऱ्यांचा फोन वाजायला लागला. "हो, हो, आनंद आहे," ते प्रत्येकाला सांगत होते. "पक्षाचा विजय आहे." कुणीतरी येऊन त्यांच्या कपाळाला गुलाल लावून गेलं. त्या गुलालासाठी त्यांनी सारी हयात घालवली होती, आणि आता तो लागला तर त्यांना आरशात बघवेना. मला इतकं वाईट वाटलं की मी गॅसपाशी जाऊन उगाच भांडी आपटली.

चार वाजता निरोप आला. आमदार मिरवणुकीतून आपल्या गल्लीत येणार आहेत, ज्येष्ठांचे आशीर्वाद घेणार आहेत, काहीतरी खायला ठेवा, सकाळपासून पोटात काही नाही.

"मिसळ करते," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"का? ज्याच्या नावानं भिजवली त्याला वाढते."

आणि त्यांनी खोबरं भाजायला घेतलं. तर्री अशी लाल केली की ठसक्यानं आम्ही दोघीही खोकत होतो. आमदार आला, सोबत पाच-सहा जण, सगळे गुलालानं माखलेले. त्यानं सासऱ्यांच्या पायांना हात लावला. सासऱ्यांच्या तोंडून सवयीनं "यशस्वी व्हा" निघून गेलं. मास्तरांच्या तोंडात ते बसलेलंच असतं.

तो खाली बसला आणि खायला लागला. "काकू, लय भारी!" दुसरा पाव मोडताना त्याचं लक्ष गेलं. "सर, तुम्ही नाय घेत? ॲसिडिटी?"

सासरे खुर्चीत पुढे सरकले. मी दारात पाण्याचा जग घेऊन उभी होते.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही पडेपर्यंत मिसळ खाणार नाही, असं मी ठरवलं आहे. तुम्ही माझं बिल द्यायला निघाला होता. डिपॉझिट गेलं म्हणून. सगळ्या हॉटेलासमोर."

आमदारानं आठवून बघितलं. खरोखर बघितलं, कपाळाला आठी घालून. "बोललो असेन," तो शेवटी म्हणाला. "मला आठवत नाय, सर. माणूस इलेक्शनला काय काय बोलतो." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं सासऱ्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "पण मग आता मिसळ विसरा, सर! आता आपल्या पक्षात आलोय. आता मी कशाचा पडतोय?"

सगळे हसले. दाराबाहेरचे ढोलवालेही हसले. सासरेही हसले, कारण तो पाहुणा होता आणि घर आमचं होतं. "वहिनी, रस्सा आणा जरा," तो मला म्हणाला. मी पातेलं आणलं, पण सासऱ्यांनी माझ्या हातातून पळी घेतली आणि स्वतः वाढला.

ढोल पुढच्या गल्लीत गेले. सासूबाईंनी सासऱ्यांसमोर वाटी ठेवली. मटकी, तर्री, वर फरसाण, कांदा, लिंबू. "खा आता. पुष्कळ झालं. तो तुमचा माणूस झाला, तुमचा पक्ष जिंकला. संपलं ते."

"तो पडला नाही," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी वाटी उचलली, आत गेल्या आणि फरसाणाशिवाय नुसती उसळ आणि दोन पोळ्या घेऊन आल्या. उसळीला व्रत आड येत नव्हतं. सासरे जेवायला लागले. त्या समोर बसून राहिल्या आणि मग जे या घरात विचारत नाहीत ते त्यांनी विचारलं. "खरं सांगा. तुम्ही मत कुणाला दिलंत?"

सासऱ्यांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"निशाणीला," ते म्हणाले. "गेलो होतो ठरवून, की द्यायचं नाही. पण बोट दुसरीकडे जाईचना."

"मग मटकी कशाला भिजवलीत?"

"म्हटलं, मला नाही जमलं तर नाही. बाकीचे तरी त्याला पाडतील."

असं म्हणून त्यांनी आणखी थोडी उसळ मागून घेतली.