चालू गाडीवरचा आकडा

फोन मोठेबाबांच्या नंबरवरूनच आला होता, म्हणून वर्गात शिकवत असूनही मी तो घेतला. शाळेच्या वेळात ते कधी फोन करत नसत. पलीकडून एक अनोळखी माणूस बोलत होता, "मॅडम, ये अंकल का फोन है... लास्ट में आपका नंबर था. आप जल्दी पावर हाउस आ जाइए." हुडको वसाहतीतल्या आमच्या शाळेतून मी निघाले आणि पावर हाउसच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानाशी पोचले, तोवर सगळं संपलं होतं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची बॅटरी उतरली होती. मोठेबाबांनी त्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागून धक्का दिला. दहा-बारा पावलं गेले असतील. गाडी सुरू झाली आणि ते रस्त्यावर खाली बसले, ते बसलेच. मी आले तेव्हा ती गाडी थोडी पुढं, इंजिन चालू ठेवून तशीच उभी होती. बंद केली तर पुन्हा सुरू होणार नाही, या भीतीनं कुणी ती बंद केली नव्हती.

त्याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या शोकसभेत, बोलायला मला उभं केलं होतं, कारण घरात शिकलेली मीच. त्या दिवशी मी सगळं चांगलं बोलले, आणि जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोघं भाऊ भंडारा जिल्ह्यातल्या गावातून इकडे रायपूरजवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आले आणि कॅम्प नावाच्या कामगारवस्तीतल्या दोन खोल्यांत एकत्र राहिले. वडील मी सातवीत असताना गेले. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. त्यानंतर मी त्यांचीच झाले, तसं कुणी बोलून दाखवलं नाही एवढंच. मोटारींचं वाइंडिंग करता करता ते गाड्यांच्या वायरिंगकडे वळले आणि पावर हाउसला टिनाचं छोटं दुकान टाकलं. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडे वीज गेली की अभ्यास थांबू नये म्हणून त्यांनी जुन्या बॅटरीवर गाडीचा एक बल्ब बसवून मला दिवा करून दिला होता. माझी बीएस्सी त्या दिव्यावर झाली, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही. निकाल लागला तेव्हा ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "आमची बाई फिजिक्सवाली हाये. आता आपल्याले दुसऱ्या कोनाले विचाराचं काम नाही."

आणि त्यांनी खरोखरच मला विचारलं. त्या वर्षीच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी जीप सजवायची होती. दरवर्षी ते माळा लावत, या वेळी त्यांना जीपच्या कडेनं, पायदानाखाली, बाबासाहेबांच्या तसबिरीभोवती निळे एलईडी लावायचे होते. सुटे दिवे आणले होते. "रेजिस्टर किती नंबरचा टाकू, तूच सांग." मी वही काढली. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची असते, हे पुस्तकात होतं. तीन निळे दिवे एका ओळीत जोडले की त्यांना साडेनऊच्या आसपास व्होल्ट लागतात, उरलेले अडीच रेझिस्टरनं खायचे. मी आकडा काढून दिला. त्यांनी एकदाच विचारलं, "बाराच धराचे नं? थोडं जास्तीचं नाही धराचं?" मी म्हटलं, "मोठेबाबा, हिशेब आहे तो. अंदाज नाही." ते हसले आणि माझ्या आकड्यानं शंभरावर दिवे जोडले. दुपारी जीप उभी असताना लावून पाहिले. सुंदर दिसत होते.

संध्याकाळी मिरवणूक सेक्टर दोनच्या चौकात पोचेपर्यंत जीप तासभर सुरू होती. आधी पायदानाखालची एक ओळ लुकलुकली आणि गेली. मग दुसरी. प्लास्टिक तापल्याचा वास यायला लागला आणि शेवटी तसबिरीभोवतीचे दिवेही एकेक करून विझले. समोर ढोल चालू, मागे सगळी वस्ती, आणि मधे काळोखी जीप. मंडळाचे लोक चिडले. "काय हो दादा, वर्षाचा एक दिवस, तो बी अंधारात?" मी दोन पावलांवर पांढऱ्या साडीत उभी होते. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांदेखत हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या हातानं चुकलं. जय भीम. माफी द्या." मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटर घेतला आणि मला जीपपाशी नेलं. इंजिन बंद असताना मोजलं, बारा सहा. मग इंजिन सुरू केलं आणि मोजलं, चौदा चार. "पाह्य. बॅटरी बाराची, पन गाडी चालू झाली का चार्जिंग चालू होते. मले वाटलं होतं थोडं जास्ती राह्यते. पन तुह्या पुस्तकापुढं माहं काय चालन?" मी तिथंच वहीत पुन्हा हिशेब केला. चालू गाडीत रेझिस्टरवर अडीच नव्हे, जवळजवळ पाच व्होल्ट येत होते, म्हणजे दिव्यांतून दुप्पट करंट. मला रडू आलं. ते म्हणाले, "रडून कावून राहिली? दिवे मेले, मानूस तं नाही मेला." हे वाक्य मला आज आठवतं तेव्हा काय होतं, ते लिहिता येत नाही.

त्या दिवसापासून त्यांची एक सवय झाली. ज्या गाडीत ते दिवे लावत, तिच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतून पांढरी टेप चिकटवत आणि तिच्यावर दोन आकडे लिहीत. 'बं' म्हणजे बंद, 'चा' म्हणजे चालू. पोरं यायची, घाई करायची. "अंकल, सीधा बैटरी से जोड़ दो ना, पाँच मिनट का काम है." ते म्हणायचे, "पाँच मिनट में जुड़ेगा, पाँच दिन में जलेगा. फिर तू मेरे को गाली देगा." गाडी सुरू करून, एक मिनिट थांबून मोजल्याशिवाय त्यांनी कधी एक दिवाही जोडला नाही. मी जुनी गाडी घेतली तेव्हा पायाशी मंद निळा उजेड हवा म्हणून हट्ट धरला. त्यांनी अर्धा दिवस घालवला. व्होल्टेज बारावर धरून ठेवणारी एक डबी मधे बसवली, छोटा फ्यूज टाकला, अर्थची तार घासून चकचकीत केलेल्या बोल्टखाली आवळली, आणि हीटरची गरम हवा जिथून येते तिथून पट्टी चार बोटं दूर ठेवली. "उजेड पायजे तं त्याले थंड ठेवा लागते, बाई." आज तीन वर्षं झाली, एक दिवा गेलेला नाही.

आता ते सांगते, जे पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं नाही.

जाण्याच्या तीन महिने आधी मोठेबाबांना बॅटरी उचलताना दम लागायला लागला होता. मोठीआईनं, त्यांच्या बायकोनं, माझ्यामागे लकडा लावला, "तू घेऊन जा त्याईले, माह्यं ऐकून नाही राहिले." मी त्यांना एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, टेबलावर झोपवून ईसीजी काढला. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत तसं लिहिलं, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. चालत्या पट्ट्यावर चालवून करायची तपासणी करून घ्यावी, अशी ती ओळ होती. मी ती वाचली. ते अक्षर मला नीट लागलं होतं, लागलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी रायपूरला जायचं होतं, शाळेत परीक्षा सुरू होत्या, आणि वरचा 'नॉर्मल' हा शब्द मला पुरेसा वाटला. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी विचारलं, "काय लिवलं?"

"नॉर्मल आहे मोठेबाबा. सगळं ठीक."

ते चपला घालत होते. म्हणाले, "झोपवून मोजलं, बाई. चालू गाडीवर तं कोनी मोजलंच नाही."

मी हसले. म्हटलं, "तुम्ही काय गाडी आहात का?"

"आहोच. जुनी डिझल. सकाळी सुरू व्हाले कटकट करते." तेही हसले. कागद मी पर्समध्ये ठेवला. परीक्षा संपल्यावर बघू, असं मनात म्हटलं होतं. परीक्षा संपल्या. निकाल लागले. मी तो कागद पुन्हा काढला नाही... काढला तो त्यांच्या जाण्याच्या चौथ्या दिवशी.

मागच्या आठवड्यात मी मोठीआईकडे गेले आणि तिला तो वाचून दाखवला. ती लाखोळीची डाळ निवडत बसली होती. ओळीचा अर्थ सांगितला. तिचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "त्याईले हे मालूम होतं?"

"नाही. मी सांगितलंच नाही."

तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जीपच्या वक्ताले त्याईनं तुह्यं आपल्या अंगावर घेतलं. मले घरी येऊन सांगतलं होतं, का पोरीचा हिशेब चुकला, पन चारचौघात सांगू नको." मग माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "आता हे कोन घेईन, बाई?"

मी कागदाची घडी घातली. ती उठली, चहा ठेवला, मला दिला, स्वतः घेतला नाही. निघताना दारापर्यंत आली नाही. आजवर ती नेहमी येत असे.

कुणी म्हणेल, तपासणी झाली असती तरी ते वाचलेच असते कशावरून? मीही स्वतःला तसं विचारून पाहिलं. पण ते वाचले असते की नाही, हे आता कुणी मोजू शकत नाही. मोजता आलं असतं ते तेव्हा, आणि ते मी मोजलं नाही. मोठीआईच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की जे त्यांनी सेक्टर दोनच्या चौकात सगळ्यांदेखत म्हटलं, ते मी इथं म्हणावं. माझ्या हातानं चुकलं.

दुकान आता बंद आहे. मीटर मोठीआईकडे आहे. माझ्या गाडीच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून ती टेप अजून आहे. बं १२.६, चा १४.४, त्यांच्या वाकड्या अक्षरात, चारची शेपटी नेहमीसारखी लांब ओढलेली. सकाळी शाळेला निघताना मी गाडी सुरू करते, पायाशी निळा उजेड पडतो, आणि त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी एक मिनिट थांबते. गाडीसाठी मी रोज थांबते. त्यांच्यासाठी थांबले नाही.