निजगुणप्पाची खंडेनवमी

राणेबेन्नूरच्या बसस्टँडमागं निजगुणप्पा मेस्त्रीचं गॅरेज होतं. गाडी कितीही खोकू दे, हा पठ्ठ्या इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि दुखणं सांगायचा. कधी कार्बोरेटर साफ कर, कधी पॉइंट घास, कधी ग्रीस भर. जुन्या गाड्या सारखं काही ना काही मागायच्या, त्यावरच याचं घर चाललं. नव्या गाड्या मेल्या काही मागतच नाहीत! वर्षातून एकदा तेल बदललं की झालं, आणि तेही कंपनीवालेच बदलणार.

एकेक गिऱ्हाईक गेलं. उरली एक शिवलीलक्का, सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. तिची अँबॅसडर यानं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. यंदा लेकानं बंगळूरहून नवी गाडी पाठवली आणि अँबॅसडर भंगारात गेली. आता अक्कापण गेली, असं धरून निजगुणप्पा अर्ध्या जेवणावरून उठायला लागला.

पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अक्का नवी गाडी घेऊन दारात हजर!

"काय मेस्त्री, पूजा करणार ना? का रुसलात?"

"अय्यो अक्का, तुमच्यावर रुसून जाऊ कुठं? पण हिला माझा हात चालेल का?"

"न चालायला काय झालं? ठेवून जाते. सकाळी येते."

अहो, त्या माणसाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं! त्यानं बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. काय फिरवायचं, कुठं कान लावायचा, काही कळेना. एक काम मात्र त्याला येत होतं: पूजेआधी इंजिनाची आंघोळ. आयुष्यभर तो तेच करत आला होता. त्यानं झाकण काढलं, केरोसीन फवारलं, ब्रश मारला आणि पाइपनं जोराचं पाणी सोडलं. गुणगुणत होता बिचारा.

सकाळी अक्का ठेवणीतली साडी नेसून आली. गाडीला केळीचे खुंट बांधले, आरती झाली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली.

"हं अक्का, घ्या पुढं!"

अक्कानं किल्ली फिरवली. गाडी थरथरली, समोर लाल-पिवळे दिवे लागले आणि सगळं थंड. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

जुनी गाडी भिजली तर पुसायची, उन्हात ठेवायची, की सुरू. निजगुणप्पा फडकं घेऊन धावला. पण पुसणार काय, कपाळ? जिकडं तिकडं बंद डबे आणि बारीक वायरी. शेवटी कंपनीची माणसं गाडी उचलायला आली.

"इंजिन धुतलं कुणी?" त्यातला एक म्हणाला. "अहो आजोबा, आत कॉम्प्युटर असतो."

अक्का गाडीला बांधलेले केळीचे खुंट सोडायला लागली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडी गेली, लिंबं तशीच अख्खी जमिनीवर राहिली.

वर्षभर ती फिरकली नाही. निजगुणप्पानं आशा सोडली होती. आणि पुढच्या खंडेनवमीला तीच गाडी दारात येऊन थांबली. म्हातारा धावतच हार घेऊन आला.

"आलात अक्का! खटका ओढा, बॉनेट उघडतो. हात नाही लावत, नुसतं कुंकू लावतो आत."

अक्काचा हात स्टिअरिंगवरून हलला नाही.

"आतलं राहू दे, मेस्त्री," ती हळूच म्हणाली. "वरनंच करा."

निजगुणप्पाची बोटं काळी नव्हतीच, तरी त्यानं ती लुंगीला पुसली. मग बंद बॉनेटवर कुंकू लावलं.