सतरावा नंबर

शिट्टीताईचा हात कधी हलत नसे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. हात हलला की काच गेलीच. पण आज सभागृहात पहिल्या रांगेत बसून तिला साध्या रुमालाची घडी घालता येईना.

कारण मागे, तिसऱ्या रांगेत, एक बाई येऊन बसली होती. डाव्या भुवईवर जुना व्रण, शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी. एकवीस वर्षं झाली म्हणून काय झालं? ताईने एका नजरेत ओळखलं.

"अहो, ती आलीय," तिने नवऱ्याला कोपर मारलं.

नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. 'ती' म्हणजे कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही. "येऊ दे," तो पुटपुटला. "पदक घे, हस आणि खाली ये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता ही मूठ कसली, ते ऐका. ताई दर रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून मुलींचं पथक चालवायची, म्हणून ती शिट्टीताई. गाठी मारणं, तंबू ठोकणं, नकाशा वाचणं. सगळं फुकट, हौसेने. मुलांसाठी असं राबणाऱ्या मोठ्या माणसांना पथकांची संस्था दरवर्षी एक पदक देते, ते यंदा तिला मिळत होतं. पथकात मोजणी नंबराने व्हायची. प्रत्येकीने आपला नंबर ओरडायचा. एकवीस वर्षांपूर्वी सहलीहून निघताना सतरा नंबरची पोर पाणी भरायला झऱ्यावर गेली होती. मैत्रीण ओरडा खाईल म्हणून सोळा नंबरने "सोळा!" म्हटलं आणि आवाज बारीक करून "सतरा!"ही ठोकून दिलं. ताई यादीत डोकं घालून खुणा करत होती. बस निघाली.

निम्म्या वाटेत सोळा नंबरला रडू फुटलं, तेव्हा उलगडा झाला आणि बस मागे फिरली. हरवलात तर जागा सोडायची नाही, असं ताईनेच शिकवलेलं. पोर तंबूच्या जागी खुंटीच्या खड्ड्यापाशी बसून होती, झऱ्यावर घसरून भुवई फुटलेली. ताईने तिला पोटाशी धरलं, रक्त पुसलं. इथवर ठीक, चूक कुणाच्या हातून होत नाही? पण मग ती म्हणाली, "घरी सांगू नकोस हं. खेळताना पडले, एवढंच म्हण." आणि यादीखाली लिहिलं: सर्व हजर.

पोर पुन्हा पथकात आली नाही. ताईही तिच्या दाराशी गेली नाही. कामं होती, वेळ नव्हता, हे सगळं बोलायला. खरं म्हणजे ती भ्याली.

स्टेजवर तिचं नाव पुकारलं गेलं. ती चढली. निवेदक रंगात आला होता. "अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोजणी चुकली नाही! आणि ताईंची ती गोड पद्धत! प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचं. केवढी ही माया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माया म्हणे! माया कसली डोंबलाची? त्या दिवसापासून ओरडलेल्या नंबरांवर तिचा विश्वास उरला नव्हता, हाताला डोकं लागल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे.

तिसऱ्या रांगेतली बाई टाळ्या वाजवत नव्हती. ती उठली, मुलीचा हात धरला आणि दाराकडे निघाली.

अध्यक्षांनी पदक पुढे केलं. ताईने ते न घेता माईक ओढला. खाली नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"थांब गं," ती म्हणाली. "मोजणी चुकली होती. एका मुलीला मी मागे सोडून आले. दोन तास ती एकटी होती. वर तिलाच खोटं बोलायला लावलं. डोक्यावर हात ठेवते ती माया नाही, धास्ती आहे. ते पदक राहू दे तुमच्याकडे."

बाई दारापाशी थबकली होती. ताई पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दोन नाही, पावणेतीन तास," बाई म्हणाली. "आणि मी जागेवरून हलले नव्हते."

"ठाऊक आहे."

"मला वाटलं, माझ्यामुळे तुमची यादी बिघडली, म्हणून तुम्ही मला परत पथकात न्यायला घरी आला नाहीत. किती वर्षं तेच वाटत होतं."

"तुझं काहीच चुकलं नव्हतं, बाळा. मी चुकले. तुझ्या घरी यायला मी भ्याले."

बाईने डोळे पुसले नाहीत. "हिला पथकात यायचंय. महिनाभर डोकं खाल्लंय माझं. आज नकार पक्का करायला आले होते." तिने मुलीकडे पाहिलं, मग ताईकडे. "रविवारी आणते. पण आधी माझं डोकं मोजा."

ती किंचित वाकली. ताईने तिच्या केसांवर हात ठेवला. हात आता थरथरत होता, तो तिने थरथरू दिला.

"सतरा," ती म्हणाली.