चादरीपलीकडचे आकडे

अकरावीत मी मानसशास्त्र घेतलं आणि कामठीतल्या झाडून सगळ्यांना मला विचारायला एकच प्रश्न उरला, "मग सांग बरं, माझ्या मनात काय चालू आहे?" शेअर ऑटोवाला विचारायचा. किराणावाला विचारायचा. शेजारच्या काकू तर मला दारात अडवून डोळे मिटून उभ्या राहायच्या. अहो काकू, तुमच्या मनात काय चालू आहे हे जाणून घ्यायची मला काडीची हौस नाही! अर्थात हे मी बोलायचे नाही, नुसते दात दाखवायचे. मामा तर सगळ्यांचा बाप. दहावीला चांगले मार्क पडूनही पोरीनं सायन्स सोडलं याचं दुःख त्याला माझ्या आईबापापेक्षा जास्त. दर रविवारी यायचा आणि चहा पिऊन झाला की सुरू, "पागलखान्यात नोकरी लागते का वं याच्यावर?"

माझ्या बाजूनं एकटे बाबा होते. अ‍ॅडमिशनच्या आदल्या दिवशी त्यांच्यासमोर बसून, ओढणीत तोंड खुपसून, हुंदके देत देत मी सगळं सांगितलं होतं. मला सायन्स का नको, हाच विषय का हवा, पुढे काय करणार, चांगली दहा मिनिटं. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "बरं. कर." मामा बोलायला लागला की मी हेच त्याच्या तोंडावर फेकायचे. बाबांनी सगळं ऐकून घेऊन हो म्हटलंय, तुमचं काय मध्येच?

तर प्रॅक्टिकल. नागपूरच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राचे प्रयोग कोणी करतच नव्हतं. मागच्या वर्षीच्या एका मुलीच्या जर्नलचे फोटो ग्रुपवर यायचे आणि अख्खा वर्ग ते उतरवून काढायचा. सर विचारायचे नाहीत. उलट एकदा म्हणाले, "घरच्यांना आठवलेले आकडे सातच्या आसपास ठेवा रे, बाहेरून तपासायला येतात." म्हणजे पन्नास घरांतल्या पन्नास माणसांची स्मरणशक्ती सारखी! माझं डोकं फिरलं. एवढं भांडून घेतलेला विषय मी उतरवून काढू? मी ठरवलं, आपण खरा प्रयोग करायचा.

प्रयोग साधा. आपण आकडे वाचायचे, समोरच्यानं ते त्याच क्रमानं म्हणून दाखवायचे. आधी तीन, मग चार, मग पाच, असं वाढवत न्यायचं. समोरच्याला आपला कागद दिसू नये म्हणून मध्ये पडदा हवा. मी रविवारी दुपारी दोन खुर्च्यांच्या मध्ये दोरी बांधली, तिच्यावर बाबांच्याच लूमवरची चादर टाकली आणि पलीकडे बाबांना बसवलं. पंचवीस वर्षं पावरलूमवर काढलेला माणूस, हिशोब सगळा तोंडी. म्हटलं, हे सहज नऊपर्यंत जातील.

"तीन, आठ, एक," मी म्हटलं.

पलीकडून काहीच नाही. मग, "दोन... दोन, नऊ?"

"बाबा, नीट करा ना. पाच, दोन, सात."

"सहा?"

चार वेळा केलं. चारही वेळा मनाला येईल ते. पाचव्यांदा मी वाचायच्या आधीच त्यांनी "आठ" म्हटलं आणि माझा तोल सुटला. "तुम्ही पण? मामा करतो ते कमी आहे का, तुम्ही पण मजाक करून राहिले माझ्या विषयाची?" मी कागद फाडला. आमच्या गल्लीत सगळेच वरच्या पट्टीत बोलतात, पण त्या दिवशी मी चौकापर्यंत ऐकू गेले असेन.

आई ओट्याशी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "ते चादर काढ वं आधी."

"काहून?"

"काढ म्हणते ना."

मी काढली. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. कसे, ते सांगते. परीक्षेत पोरं प्रश्नपत्रिकेकडे पाहतात तसे. मी फाटलेला कागद जुळवला आणि हळूच वाचलं. सहा आकडे. बाबांनी सहाही धडाधड म्हणून दाखवले. सात वाचले, सातही. मग मी कागद तोंडापुढे धरून तीनच वाचले. बाबा गप्प.

"लूमवरचे सगळे असेच," आई म्हणाली. "त्या खटखटीत आवाज कोणाले येते? तोंड पाहूनच बोलतात. मंग घरी पण तेच लागते."

पंचवीस वर्षं! आणि मी मानसशास्त्र शिकून राहिले होते, लोकांची मनं वाचायला निघाले होते, आणि एका घरात राहून मला माझ्या बापाचे कान कळले नाहीत. कोणावर चिडावं तेच समजेना. आईवर, तिनं लपवलं म्हणून? बाबांवर? आणि तेवढ्यात मला ती ओढणी आठवली. मी त्यांच्या अगदी समोर जाऊन बसले.

"बाबा, अ‍ॅडमिशनच्या वेळी मी तुमच्याशी बोलले. तोंडावर ओढणी होती माझ्या. तुम्हाला काय ऐकू आलं?"

बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काही नाही."

"मग हो कसं म्हटलं तुम्ही?"

"तू रडून राहिली होती," बाबा म्हणाले. "मले वाटलं, जे मागून राहिली ते देऊन टाकावं."

माझा हात ओढणीकडे गेला होता, तो मी खाली घेतला. चेहरा उजेडाकडे केला आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "उद्या आपल्याला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे."

हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात कळलं. लगेच म्हणाले, "उद्या नाही जमत."